दिंडीच्या गाडीतला दिवा

संत मुक्ताबाईंची पालखी दर वर्षी ज्येष्ठात कोथळी-मुक्ताईनगरहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे पार करून सुमारे महिनाभराने, आषाढी एकादशीपूर्वी, पंढरपुरास पोचते. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. आमचा जामनेर तालुका तेथून फार दूर नसल्याने इकडच्या गावांतील पुष्कळ माणसे याच वाटेला लागतात. पालखीविषयी, अभंगांविषयी, वाटेत भाकरी घेऊन उभ्या राहणाऱ्या गावांविषयी खूप लिहिले गेले आहे. दिंडीबरोबर जी गाडी चालते तिच्याविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. हा लेख त्या गाडीविषयी, आणि त्यातही तिच्या मागच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यात बसविलेल्या बॅटरीविषयी आहे. ॲसिड, ॲम्पियर असे शब्द पाहून कला शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये, एवढी विनंती. यात लागणारे गणित किराणा दुकानाच्या वहीइतकेच आहे.

आमच्या दिंडीची गाडी म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायची एक जुनी ट्रॉली. तिच्यावर लोखंडी चौकट उभारून पत्र्याचे छप्पर घातलेले आहे. आत दोन्ही अंगांना फळ्या ठोकलेल्या असून फळ्यांखाली शिधा, पातेली, सतरंज्या आणि पिशव्या राहतात. मुक्कामाला गाडी उभी राहिली म्हणजे वयस्कर बायका त्या फळ्यांवर निजतात. (चालत्या ट्रॉलीत माणसे बसविणे कायद्याला धरून नाही आणि शहाणपणाचेही नाही. आमच्याकडे ते कटाक्षाने टाळतात.) गाडीत बारा व्होल्टवर चालणारे सहा एलईडी दिवे, दोन छोटे पंखे, हरिपाठासाठी एक ॲम्प्लिफायर आणि मोबाईल चार्ज करण्याची एक पाटी आहे. हे सारे एका बॅटरीवर चालते. परदेशात मोटारीमागे जोडायची घरे असतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्या श्रीमंत गाड्यांत आणि आमच्या ट्रॉलीत फरक पुष्कळ आहे. परंतु रात्री दहा वाजता दिवा मंद होऊ लागला म्हणजे दोन्हीकडे दुखणे एकाच जातीचे असते.

आमच्याकडे हे दुखणे जुने. चार वर्षांत तीन बॅटऱ्या बदलल्या गेल्या, आणि प्रत्येक बॅटरी दिंडीच्या वर्गणीतून आली. २०२४ च्या वारीत बीड जिल्ह्यातील एका मुक्कामी पाऊस चालू असताना दिवे गेले. अंधारात गाडीतून उतरताना एका आजींचा पाय पायरीवरून सुटला आणि मनगट मोडले. त्यांची वारी तेथेच थांबली. दुसऱ्या दिवशी जवळच्या बाजारगावी बॅटरी दाखविली, तर दुकानदाराने झाकण न उघडताच "बसली, नवी घ्या" असे सांगितले. माझ्या मामांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि ते त्या वर्षी दिंडीत होते. "बसली, ते खरे, पण कोणी बसवली ते तर पाहू," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी आणि पुढे गावी आल्यावर त्यांच्या हाताखाली मी जे शिकले, ते येथे मांडते.

प्रथम बॅटरी म्हणजे काय, ते थोडक्यात. शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेले गंधकाम्ल एवढीच या यंत्राची सामग्री. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये असा पहिला घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लगदा लिंपण्याची युक्ती काढली आणि हा घट धंद्यात उपयोगी पडू लागला. आजची ट्रॅक्टरची बॅटरीही मूलतः तीच आहे. तिच्यात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब देतो, म्हणून सहांचे मिळून बारा-पावणेतेरा व्होल्ट होतात. वीज खर्च होऊ लागली की आम्लातील सल्फेट पट्ट्यांवर जाऊन बसते आणि उरलेले आम्ल पाण्याकडे झुकते. उलट दिशेने वीज भरली की ते सल्फेट पट्ट्यांवरून सुटून पुन्हा आम्लात येते. एवढी ये-जा ध्यानात ठेवली तर पुढचे सारे आपोआप समजते.

रेल्वेने हीच सोय फार पूर्वीपासून केली होती. जुन्या पद्धतीच्या डब्यांत चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन त्यावर डायनामो फिरवीत, आणि डब्याच्या पोटाखालच्या बॅटऱ्या भरून ठेवीत. त्यामुळे गाडी स्टेशनात उभी असली तरी डब्यात उजेड राही. आसावरचा पट्टा तुटला की पहिल्या रात्री काही कळत नसे. दिवे बॅटरीवर चालत. अंधार व्हायचा तो पुढच्या रात्री, आणि मग बॅटरीला दोष दिला जायचा.

बॅटरी ही विहीर नव्हे, तो रांजण आहे. विहिरीला झरे असतात. रांजणात जेवढे ओतावे तेवढेच निघते, आणि त्यातूनही थोडे पाझरून जाते. म्हणून मामांनी मीटर हातात घेण्यापूर्वी मला वही काढायला लावली. सहा दिव्यांचे मिळून तीस वॅट, म्हणजे बारा व्होल्टांवर अडीच ॲम्पियर. ते चार तास चालतात, म्हणून दहा ॲम्पियर-तास. दोन पंखेही अडीच ॲम्पियर घेतात आणि सात तास फिरतात. ते साडेसतरा झाले. ॲम्प्लिफायर सरासरी चार ॲम्पियर, तीन तास, बारा. दहा मोबाईल, प्रत्येकी पंधरा वॅट-तास धरून आणि चार्जरमध्ये वाया जाणारे मिळवून आणखी पंधरा. बेरीज साडेचोपन्न. आमच्या बॅटरीवर शंभर ॲम्पियर-तास असे छापलेले आहे. पण शिशाची बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरविली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरण्याजोगे पन्नासच धरावे. शिवाय छापलेला आकडा नव्या बॅटरीचा असतो. म्हणजे नव्या बॅटरीवरही आमचा खर्च काठोकाठ होता.

आता जमेची बाजू. येथे एक गंमत आहे, आणि ती दिंडीच्या गाडीखेरीज अन्यत्र क्वचितच आढळेल. वारकरी वीस किलोमीटर चालतात त्यास सकाळपासून संध्याकाळ लागते. ट्रॅक्टर मात्र तेवढे अंतर तासाभरात तोडतो आणि पुढच्या मुक्कामी जाऊन झाडाखाली उभा राहतो. सर्वांची समजूत अशी, की गाडी दिवसभर दिंडीबरोबर आहे तेव्हा बॅटरी दिवसभर भरली जात असणार. वस्तुतः इंजिन चालते तासभर. त्या ट्रॅक्टरच्या आल्टरनेटरवर छत्तीस ॲम्पियर लिहिलेले होते. पण त्यातून ट्रॉलीच्या बॅटरीपर्यंत तासाभरात सहा-सात ॲम्पियर-तासही पोचत नव्हते. रोज पन्नासाहून अधिक खर्च आणि सहा-सात जमा, असा हिशेब तिसऱ्या मुक्कामाला कोसळणारच. बॅटरी नवी घेतली असती तरी तो कोसळलाच असता.

छत्तीसाचे सहा का झाले, हा यापुढचा प्रश्न. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत दहा मीटर तार गेली होती, आणि ती घरातल्या प्लगला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची होती. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे साडेसात मिलीओहम असतो. जाऊन-येऊन वीस मीटर धरले, तर दहा ॲम्पियर वाहताना वाटेतच दीड व्होल्ट खर्ची पडतो. घरात २३० व्होल्टांतून दीड गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे मात्र ट्रॅक्टरपाशी चौदाच्या थोडे वर असलेला दाब ट्रॉलीपाशी पावणेतेरावर येतो, आणि बॅटरी नीट भरायला तर चौदाच्या वर दाब लागतो. हीच तार दहा चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान दीडऐवजी सुमारे चार दशांश व्होल्टावर येते. जाड तार महाग पडते हे खरे. पण ती एकदाच घ्यावी लागते.

आमच्या ट्रॉलीत त्याहून वाईट गोष्ट अशी होती, की परतीची तार नव्हतीच. प्लसची तार ओढली होती आणि मायनसचे काम ट्रॉली जोडायच्या हुकावर व खिळीवर सोपविले होते. ती खिळी ग्रीस, धूळ आणि गंज यांनी माखलेली असते, आणि खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर सुटते. अनेक ट्रॉल्यांचे मागचे लाल दिवे रस्त्याने लुकलुकत जातात त्याचेही कारण बहुधा हेच असते. ट्रॉलीला स्वतःची मायनस तार हवी. यात दुमत होऊ नये.

मीटर वापरायचा कसा, ते आता सांगते. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि दिंडीच्या सामानात टाळ-पखवाजाइतकाच तो आवश्यक आहे, असे माझे मत झाले आहे. पहिले माप पहाटे घ्यावे: सर्व दिवे-पंखे बंद, ट्रॅक्टर चालू झालेला नाही, आणि बॅटरी दोन-तीन तास विसावलेली आहे, अशा वेळी. चार्जिंग होताच माप घेतले तर खोटा, फुगलेला आकडा मिळतो. विसावलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ दिसले तर ती भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण; १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर तळ गाठला असे समजावे. येथे बाराचा अर्थ 'बारा व्होल्टची बॅटरी, म्हणून ठीक' असा घेणारे पुष्कळ भेटतात. बारा दाखविणारी बॅटरी जवळजवळ रिकामी असते.

पण नुसत्या दाबावर विसंबू नये. वरची बुचे उघडता येण्याजोगी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातल्या आम्लाची घनता पाहावी. दुकानात याला 'ग्रॅव्हिटी' म्हणतात आणि आकडा 'बाराशे चाळीस' असा बोलतात. त्याचा अर्थ पाण्याच्या १.२४ पट. आमच्या जातीची ट्यूब्युलर बॅटरी भरलेली असताना बाराशे चाळीसच्या आसपास असते; मोटारीची बॅटरी बाराशे साठ-पासष्टपर्यंत जाते. येथे आकड्यापेक्षा सहा कप्प्यांतला फरक अधिक बोलका. सारे सारखेच उतरलेले असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे, भरून पाहावी. पाच कप्पे बाराशे तीस आणि एकच अकराशे पन्नास असेल, तर मात्र त्या एका कप्प्यात दोष आहे आणि पाच निरोगी भाऊ त्याला ओढून नेऊ शकत नाहीत. आमच्या बॅटरीचे सहाही कप्पे अकराशे साठ ते अकराशे सत्तर यांच्या दरम्यान होते. दुकानदाराने झाकण उघडले असते तर त्यालाही हेच दिसले असते.

यानंतरचे माप मला सर्वांत आवडले, कारण त्यात तर्कशास्त्राचा आनंद आहे. गाडीतले सारे दिवे, पंखे, ॲम्प्लिफायर चालू करायचे, म्हणजे सुमारे दहा ॲम्पियर वाहू लागतात. मग बॅटरीच्या खुंट्यांवर दाब मोजायचा आणि दिव्यांच्या पाटीवर मोजायचा. आमच्या येथे भर सोसत असताना खुंट्यांवर १२.३ होते आणि पाटीवर १०.४. एवढ्या कमी दाबावर आमचे दिवे डोळे मिटू लागत. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत कोणी तरी खात होते. चोर शोधायचा तो असा: मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या प्लस खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीवर कसलेल्या क्लिपवर टेकवायची. दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या वस्तू. त्यांच्यात अंतर नसल्याने मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवे. दाखविले ०.४. क्लिप काढली तेव्हा आतून पांढरी-हिरवी बुरशी आलेली. मग मायनस खुंटी ते दिव्यांची मायनस पट्टी, तेथे १.१. मायनसची तार ट्रॉलीच्या चौकटीवर रंगाच्या थरावरच बोल्टने दाबली होती. उरलेले ०.४ लांब तारेत जात होते. बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली, रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडे केले, बोल्ट कसला, वर व्हॅसलीन लावले. तारेला हात लावला नाही, तरी पाटीवरचा दाब पावणेबाराच्या वर आला. यासाठी सोडा आणि सॅंडपेपर एवढाच खर्च आला.

दिवे विझण्याचे आणि बॅटरी उतरण्याचे कारण एकच असते असे नाही, हे यातून दिसेल. त्या रात्री बॅटरीतली वीज पुरती संपलेली नव्हती. तिची दिव्यांपर्यंतची वाट अडलेली होती. आणि बॅटरी कमी भरलेली होती ती दुसऱ्याच वाटेच्या दोषामुळे. दोन निरनिराळे दोष एकमेकांना झाकून बसले होते.

आणखी एक दोष आमच्याकडे नव्हता, पण शेजारच्या दिंडीत पाहिला. त्यांनी ट्रॉलीची बॅटरी ट्रॅक्टरच्या बॅटरीला कायमची जोडून टाकली होती. रात्री दिवे लागले की दोन्ही बॅटऱ्या मिळून उतरत आणि सकाळी ट्रॅक्टरच चालू होईना. मध्ये एक रिले बसवावा, म्हणजे इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडल्या जातात. काही जण त्याऐवजी डायोड घालतात. तो स्वतःच सुमारे पाऊण व्होल्ट खातो, म्हणून मला तो पसंत नाही. जुन्या बॅटरीशेजारी नवी जोडून 'दुप्पट' करणेही टाळावे. नवी आपली कमाई जुनीला पोसण्यात घालविते, आणि लौकरच दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या होतात.

परंतु खरी हानी वाटेवर होत नाही. दिंडीची गाडी महिनाभर चालते आणि अकरा महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते. वारीहून परतल्यावर सामान उतरते, हिशेब होतो, उरलेला शिधा वाटला जातो. बॅटरी मात्र अर्धी-रिकामी तशीच राहते. पट्ट्यांवर बसलेले सल्फेट लगेच परत पाठविले तर जाते. ते तसेच पडून राहिले तर, थंडीत मधाला जसा दाणा धरतो तसा, त्याला कठीण दाणा धरतो, आणि मग कितीही वीज भरली तरी ते आम्लात उतरत नाही. त्यातून बॅटरी वापरली नाही तरी आपोआप थोडी थोडी उतरतच असते, आणि उष्णतेत हा वेग वाढतो. दहा अंश वाढले की जवळजवळ दुप्पट. आमच्या जळगाव जिल्ह्यातला मे महिना वाचकांना सांगायला नको. सावलीत ४४-४५ अंश, मग पत्र्याखाली किती असेल याचा अंदाज करावा. कप्प्यांतले पाणी आटते, पट्ट्यांची डोकी उघडी पडतात आणि उघडा पडलेला भाग वाळून निकामी होतो. ज्येष्ठात आपण शेड उघडतो, बॅटरी हलत नाही, आणि वारीच्या वाटेला शिव्या देतो. ती मेलेली असते वैशाखातच.

यावर उपाय अगदी नीरस आहे. परतल्या दिवशीच बॅटरी घरात आणून चार्जरला लावावी आणि पूर्ण भरावी. 'पूर्ण' या शब्दावर जोर आहे. दहा ॲम्पियरच्या चार्जरने निम्मी बॅटरी पाच तासांत भरेल असे गणित सांगते. पण शेवटचा पाचवा हिस्सा बॅटरी फार सावकाश गिळते, म्हणून रात्रभर ठेवावी. पुढे महिन्यातून एकदा अशीच भरावी आणि मायनसची तार काढून ठेवावी. पाणी कमी झाले तर ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, दुकानात 'डिस्टिल वॉटर' म्हणून मिळते ते. बोअरच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांना मारक ठरतात. आणि ॲसिड तर मुळीच घालू नये. बॅटरी 'उठविण्यासाठी' ॲसिड घालण्याची चाल आपल्याकडे फार आहे. त्याने हायड्रोमीटर खूश होतो आणि पट्ट्या लौकर झिजतात. आटते ते पाणी, आम्ल नव्हे. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, ही समजूत मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही. जुन्या काळच्या लाकडी खोक्यांत ओल शिरे, तेव्हा तिला आधार होता. आजच्या प्लॅस्टिकला जमीन काय आणि फळी काय.

बॅटरी खरोखरच गेली की काय, हे ठरविण्याची एक घरगुती परीक्षा आहे. पूर्ण भरून, रात्रभर विसावू देऊन तिला मोटारीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा दिवा जोडायचा. तो साडेचार-पाच ॲम्पियर घेतो. शंभराची निरोगी बॅटरी त्याला साडेदहा व्होल्टांपर्यंत उतरताना वीस तासांच्या आसपास पेटता ठेवते. दहा तास निघाले तर तिची ताकद निम्मी उरली. चार-पाच तासांतच मान टाकली तर खुशाल मोडीत द्यावी. परीक्षा संपताच बॅटरी पुन्हा भरायला लावली पाहिजे. आमची ती 'बसलेली' बॅटरी मामांनी हलक्या प्रवाहाने दोन दिवस भरली आणि मग ही परीक्षा घेतली. ती चौदा तास टिकली.

सुरक्षिततेचे दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण येथे माणसे निजतात. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले तरी ठिणगीने भडका उडू शकतो. दिंडीच्या गाडीत विठ्ठल-रखुमाईची तसबीर असते आणि तिच्यापुढे निरांजन. ते बॅटरीच्या खोक्यावर ठेवायला सोयीचे असते, आणि म्हणूनच मी ते आवर्जून लिहिते आहे. खोक्याला बाहेरच्या बाजूने जाळी हवी, आणि निरांजन दुसऱ्या टोकाला. प्लस तारेवर, खुंटीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूज उडेल, गाडी पेटणार नाही. क्लिप काढताना आधी मायनस काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले तर धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

सौर पट्टी का बसवीत नाही, असे आमच्या प्राध्यापकांपैकी एकांनी विचारले. बसविली. छपरावर दीडशे वॅटची पट्टी आणि तिच्यासोबत कंट्रोलर. स्वच्छ उन्हात ती दिवसाला पस्तीस-चाळीस ॲम्पियर-तास देऊ शकते, आणि ट्रॅक्टर झाडाखाली उभा राहण्याची आमची जुनी सवय तिच्यामुळे मोडावी लागली. परंतु आषाढातले ढग तिचे उत्पन्न निम्म्याहूनही खाली आणतात. म्हणून मुक्कामी शाळेत किंवा देवळात वीज असली तर रात्री चार्जर लावणे चालूच आहे. लिथियमच्या बॅटऱ्यांची चर्चाही होते. त्या वजनाला हलक्या, आणि अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी कुरकुर करीत नाहीत. आमच्यासारख्या वापराला हा गुण मोठाच. पण किंमत वर्गणीला झेपणारी नाही, आणि जुन्या आल्टरनेटरला त्या थेट जोडल्या तर तो तापतो; मध्ये आणखी एक यंत्र लागते. खर्चाकडे पाहिले तर स्वस्तात मोठा फरक पंख्यांच्या वेळेने आणि मोबाईलच्या पाटीने पडला. मोबाईल आता दिवसा, पट्टीवर ऊन असतानाच लावायचे, असे ठरले. त्यावर तरुण मंडळींची नाराजी आहे.

बॅटरीच्या खोक्याच्या झाकणाला आतून मी एक पुठ्ठा चिकटविला आहे. त्यावर तारीख, पहाटेचा दाब, सहा कप्प्यांची ग्रॅव्हिटी आणि घातलेले पाणी लिहायचे. २०२५ ची वारी निघण्यापूर्वीची नोंद अशी: १२.७, सहाही कप्पे १२३५ ते १२४०, पाणी पाऊण लिटर, मायनसचा बोल्ट घासून कसला. पंढरपुराहून परतल्या दिवशीची: १२.३, सर्व कप्पे सारखे, रात्री चार्जरला लावली. बॅटरी तीच आहे, दुकानदाराने बसली म्हणून सांगितलेली.